मेयोतल्या आजीची जन्मनोंद शोधताना

नवऱ्याची आजी, म्हणजे माझ्या सासूबाईंची आई, आयर्लंडच्या मेयो काउंटीतून मँचेस्टरला आली, तिथेच तिचं लग्न झालं आणि तिथेच ती वारली. आजी-आजोबांपैकी कुणी एक आयर्लंडच्या बेटावर जन्मलेलं असेल तर नातवंडांना ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’मध्ये नाव नोंदवून आयरिश नागरिकत्व घेता येतं. त्यासाठी आजीचा जन्मदाखला लागतो आणि तो घरात कुणाकडेच नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये शोधाला सुरुवात केली. जानेवारी २०२६ मध्ये नवऱ्याच्या नावाचं प्रमाणपत्र टपालाने आलं. मधल्या काळात काय केलं, किती खर्च आला, कुठे थांबावं लागलं ते क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. आयर्लंडमध्ये माणूस नावावरून सापडत नाही, जागेवरून सापडतो. मेयोत एका पिढीला पॅट्रिक, मायकल, जॉन, मेरी, ब्रिजेट एवढ्या चारपाच नावांवर अर्धी लोकसंख्या चालते आणि आडनावंही त्या त्या टापूत घरोघरी तीच असतात. नुसतं नाव टाकून शोधलं की शेकड्यांनी नोंदी येतात आणि त्यातली प्रत्येक आपलीच वाटते. म्हणून आयरिश संकेतस्थळ उघडण्याआधी, बाहेरच्या देशातल्या कागदांवरून जागा जितकी नेमकी करता येईल तितकी करून घ्यावी.

आम्ही इंग्लंडच्या कागदांपासून सुरुवात केली. फ्रीबीएमडी या मोफत सूचीत आजीच्या लग्नाचा खंड आणि पानाचा क्रमांक मिळाला. तो देऊन इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून १९३२ चा लग्नदाखला आणि आजीचा मृत्यूदाखला मागवला. एकेकाला साडेबारा पौंड. दोन्ही अर्जाला लागतातच, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही. लग्नदाखल्यावर नाव ‘डिलिया’, वय चोवीस, वडील पॅट्रिक, धंदा शेती. आईचं नाव नाही, कारण इंग्लंडच्या लग्नदाखल्यावर आईचं नाव मे २०२१ पासूनच येऊ लागलं. मृत्यूदाखला जास्त कामाचा निघाला. एप्रिल १९६९ नंतरच्या मृत्यूदाखल्यावर इंग्लंडमध्ये जन्मतारीख, जन्मस्थळ आणि बाईचं माहेरचं आडनाव असतं. आजी त्यानंतर वारली, त्यामुळे ‘स्विनफर्ड, काउंटी मेयो’ एवढं हाती आलं. इंग्लंडच्या जनगणनेत आयरिश माणसापुढे बहुतेक वेळा नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलेलं असतं, काउंटीसुद्धा नसते. तेव्हा असा एक कागद मिळणं मोलाचं.

कुटुंब अमेरिकेत गेलेलं असेल तर १९०६ च्या सप्टेंबरनंतरचे नागरिकत्वाचे अर्ज पाहावेत, त्यांत जन्मगाव असतं. १९०७ पासूनच्या जहाजाच्या प्रवासी याद्यांत मायदेशातल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता असतो. आणि आपल्याकडच्या वाचकांसाठी: पुणे, देवळाली, भुसावळ, इगतपुरी इथल्या अनेक अँग्लो-इंडियन घरांत मूळ पुरुष आयरिश शिपाई असतो. अशा घरांनी मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी पाहाव्यात. त्यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन ३’ या मालिकेत आहेत आणि फिबिस या संस्थेच्या मोफत सूचीतही बऱ्याच सापडतात. शिपाई ब्रिटिश सरकारच्या पलटणीतून निवृत्त झाला असेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या ‘डब्ल्यूओ ९७’ या मालिकेत त्याचा सेवामुक्तीचा कागद असू शकतो. त्यावर छापील ओळच असते: अमुक पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चखालचा विभाग), अमुक शहराच्या जवळ, अमुक काउंटीत जन्म. पॅरिशपर्यंत पोचवणारा असा दुसरा कागद क्वचितच मिळतो. मात्र शिपायाची मुलं भारतात जन्मलेली असतील तर त्यांची नोंद आयर्लंडमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

स्विनफर्ड हे नाव मिळालं, पण एवढ्याने भागत नाही. आयर्लंडमध्ये जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला तुकडा म्हणजे टाउनलँड. ‘टाउन’ म्हणत असले तरी तिथे शहर नसतं. कुठे चार घरं, कुठे तीस. असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि एकच नाव अनेक काउंट्यांत पुन्हा पुन्हा येतं. टाउनलँड मिळून सिव्हिल (सरकारी) पॅरिश, पॅरिश मिळून बॅरनी, मग काउंटी. कॅथलिक पॅरिशच्या सीमा या सिव्हिल पॅरिशशी जुळत नाहीत, नावही वेगळं असतं. तिसरी रचना पुअर लॉ युनियनची. गरिबांच्या वर्कहाउससाठी १८३८ च्या कायद्याने हे विभाग पाडले आणि पुढे जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी त्यांच्यावरच बसवली. युनियन काउंटीची सीमा पाळत नाही. बॅलिना युनियन मेयोतही आहे आणि स्लायगोतही. त्यामुळे आपला माणूस मेयोचा असून नोंद शेजारच्या काउंटीतल्या शहराच्या नावाखाली सापडली तर दचकू नये.

आमच्यासाठी हिशोब असा झाला: काउंटी मेयो, बॅरनी गॅलन, सिव्हिल पॅरिश किल्कॉन्डफ, कॅथलिक पॅरिश किल्कॉन्डफ आणि मीलिक, नोंदणीचा जिल्हा स्विनफर्ड. जुन्या नोंदींत या जिल्ह्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं, मधे एक ‘ई’ जास्तीचा असलेलं येतं. जिल्ह्याच्या चौकटीत आजचं स्पेलिंग टाकलं की काहीच निघत नाही आणि माणूस हताश होतो. लोगाइनम डॉट आयई या सरकारी स्थळनाव-कोशात टाउनलँडची सगळी जुनी रूपं पाहता येतात. तो कोश शेजारी उघडा ठेवूनच काम करावं.

सरकारी नोंदी कधीपासून आहेत ते पक्कं लक्षात ठेवावं. कॅथलिक सोडून इतरांची लग्नं १ एप्रिल १८४५ पासून. जन्म, मृत्यू आणि कॅथलिक लग्नं १ जानेवारी १८६४ पासून. या नोंदींच्या पानांचे स्कॅन आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं पंचाहत्तर वर्षांपूर्वीची, मृत्यू पन्नास वर्षांपूर्वीचे. दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकतं. आजच्या उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांच्या १९२१ पर्यंतच्या नोंदीही इथेच आहेत, त्यानंतरच्या बेलफास्टच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर पैसे भरून पाहाव्या लागतात. शोध सुरू करताना आपलं नाव लिहून एका चौकटीत खूण करावी लागते, की २००४ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे मी अर्ज करतो आहे. काही गैर घडत नाही, बिनधास्त खूण करावी.

पहिल्या शोधात ‘डिलिया’ नावाने काहीच मिळालं नाही, आणि मिळणारही नव्हतं. डिलिया हे ब्रिजेटचं घरातलं, आणि परदेशी गेल्यावर पुष्कळ मुलींनी आपणहून घेतलेलं रूप. तसंच नोरा म्हणजे होनोरा, डार्बी म्हणजे जेरेमाया, बॅट म्हणजे बार्थोलोम्यू, कॉन म्हणजे कॉर्नेलियस. आडनावाआधीचा ‘ओ’ किंवा ‘मॅक’ एकोणिसाव्या शतकात बहुतेकांनी टाकला होता आणि विसाव्यात पुन्हा लावला, म्हणून दोन्ही प्रकारे शोधावं. सूचीत कधी बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि आडनाव. नोंदणीच्या दिवशी नाव ठरलेलं नसायचं. कधी नोंद कित्येक वर्षांनी झालेली असते, मग ती जन्मवर्षात न येता नोंदवलेल्या वर्षात येते. वय मोजून आलेल्या सालाच्या अलीकडे-पलीकडे चारपाच वर्षं पाहावीत.

ब्रिजेट, स्विनफर्ड, १९०६ ते १९१० असं शोधल्यावर त्या आडनावाच्या अनेक ब्रिजेट निघाल्या, त्यातल्या दोघींचे वडील पॅट्रिक आणि दोघेही शेतकरी. १९०३ नंतरच्या जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव येतं, पण सासूबाईंना ते ठाऊक नव्हतं. इथे १९११ ची जनगणना कामी आली.

आयर्लंडच्या दोनच जुन्या जनगणना पूर्ण शिल्लक आहेत: ३१ मार्च १९०१ आणि २ एप्रिल १९११. दोन्ही नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला मूळ तक्ता पाहता येतो. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेले आणि १८२१ ते १८५१ चे जवळजवळ सगळे ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दप्तरखान्याला लागलेल्या आगीत जळाले. १९२६ ची जनगणना शंभर वर्षं बंद होती, ती खुली करण्यासाठी एप्रिल २०२६ ठरला होता.

जनगणनेतही नावावरून शोध आम्ही सोडून दिला. काउंटी, मग विभाग, मग टाउनलँड असं उतरत जाऊन दोन्ही ब्रिजेटच्या टाउनलँडमधलं घर न् घर वाचलं. हे चांगल्यापैकी कंटाळवाणं काम आहे, पण शेजारीपाजारी, दीर-जावा, लग्नातले साक्षीदार हे सगळे त्याच दोनचार पानांवर भेटतात. १९११ च्या तक्त्यात विवाहित बाईला तीन प्रश्न विचारले होते: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आहेत. एका घरात उत्तर होतं: बारा वर्षं, सात, सहा. त्या सहांत तीन वर्षांची ब्रिजेट आणि तिची दोन भावंडं अशी, की ज्यांची नावं सासूबाईंना मामा-मावशी म्हणून माहीत होती. आजीच्या भावंडांची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आधीच लिहून ठेवावीत, माणूस निवडताना याहून उपयोगी काही नाही.

जनगणनेतल्या वयावर मात्र भरवसा ठेवू नये. त्याच घरातले आजोबा १९०१ मध्ये साठ वर्षांचे आणि १९११ मध्ये पंचाहत्तर वर्षांचे. याचं कारण १९०८ चा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा कायदा. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं आणि जन्माचा दाखला नसलेली पिढी एकदम म्हातारी झाली. या कायद्यापायी एक चांगली गोष्टही झाली. वय सिद्ध करायला लोकांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतले उतारे मागवले. मूळ तक्ते पुढे जळाले, पण त्या शोधाचे हजारो अर्ज वाचले आणि ते नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर आहेत. नशीब असेल तर १८५१ मधलं एखादं अख्खं कुटुंब त्यात मिळून जातं.

आता जन्मनोंदीचं पान. त्याच्या रकान्यांकडे नीट पाहावं. अनुक्रमांक, जन्माची तारीख आणि जागा, नाव, मुलगा की मुलगी, वडिलांचं नाव आणि राहण्याचं ठिकाण, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव, वडिलांचा धंदा, माहिती देणाऱ्याची सही, नातं आणि पत्ता, नोंदणीची तारीख, रजिस्ट्रारची सही, आणि शेवटी नोंदणीनंतर नाव घातलं असेल तर बाप्तिस्म्याचं नाव. आजीच्या नोंदीत जन्म २३ जानेवारी १९०८, जागेच्या रकान्यात टाउनलँडचं नाव, माहिती देणारी आजीची आजी. तिच्या नावाच्या मधोमध फुली आणि भोवती ‘तिची खूण’ असे शब्द, खाली ‘जन्मसमयी हजर’. म्हणजे सहीपुरतंही लिहिता न येणाऱ्या त्या बाईने शहरात जाऊन नातीचं नाव सरकारदरबारी घातलं होतं. माहिती देणाऱ्याचा रकाना बरेच जण सोडून देतात, तो सोडू नये. ‘जन्मसमयी हजर’ असलेली बाई बहुधा आजी, आत्या, मावशी किंवा शेजारीण असते, आणि ती आईकडची असेल तर तिच्या आडनावावरून आईचं माहेर पक्कं करायला मदत होते.

एक मात्र ध्यानात असू द्यावं. ऑनलाइन दिसणारी पानं ही स्थानिक रजिस्ट्रारच्या वहीवरून डब्लिनला पाठवलेल्या नकला आहेत. सही दिसते ती नक्कल करणाऱ्याच्या हातची. आडनाव किंवा टाउनलँड विचित्र दिसलं तर मूळ वहीत वेगळं असू शकतं, ती वही त्या काउंटीच्या नोंदणी कार्यालयात असते.

तारखांचा गोंधळ इथून सुरू झाला. घरात आजीचा वाढदिवस १ फेब्रुवारीला, म्हणजे सेंट ब्रिजेटच्या दिवशी व्हायचा. इंग्लंडमध्ये २९ सप्टेंबर १९३९ ला केलेल्या रहिवाशांच्या नोंदवहीतही तिने तीच तारीख सांगितलेली आणि मृत्यूदाखल्यावरही तीच. सरकारी नोंदीत २३ जानेवारी. ही तीच ब्रिजेट कशावरून, हे सिद्ध करायला आणखी एक कागद हवा होता.

तो चर्चकडे मिळाला. कॅथलिक पॅरिशच्या वह्यांचे स्कॅन नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने जुलै २०१५ मध्ये मोफत खुले केले, पण ते साधारण १८८० पर्यंतचेच आहेत. त्यानंतरच्या वह्या पॅरिशच्या धर्मगुरूंकडेच असतात. म्हणून पत्र लिहावं लागतं. पत्रात नाव, आईवडिलांची नावं, टाउनलँड, अंदाजे साल आणि ‘समासात काही टीप आहे का’ हा प्रश्न, एवढंच. सोबत चर्चसाठी छोटी देणगी. या कामाला पॅरिश बांधील नसते, नोकरवर्गही नसतो, ईस्टरच्या आसपास तर अजिबात घाई करू नये. आम्हाला काही आठवड्यांनी उत्तर आलं. समासाबद्दल विचारायचं कारण असं: ईस्टर १९०८ पासून लागू झालेल्या ‘ने तेमेरे’ या पोपच्या आदेशानुसार लग्न जिथे होईल तिथल्या धर्मगुरूने बाप्तिस्म्याच्या पॅरिशला ते कळवायचं आणि तिथे मूळ नोंदीशेजारी त्याची टीप घालायची. आजीच्या बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी मँचेस्टरमधलं चर्च, नवऱ्याचं नाव आणि १९३२ ची लग्नाची तारीख लिहिलेली होती. ब्रिजेट आणि डिलिया एकच, हे त्या दोन ओळींनी ठरलं. परदेशात कॅथलिक चर्चमध्ये लग्न झालेल्या कुणाचाही शोध घेत असाल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय राहू नका.

त्याच ओळीत बाप्तिस्म्याची तारीख १७ जानेवारी १९०८ होती, म्हणजे सरकारी जन्मतारखेच्या सहा दिवस आधीची. हे आयर्लंडमध्ये नेहमीचं आहे. बाप्तिस्मा जन्मानंतर एकदोन दिवसांत व्हायचा, सरकारी नोंदणीला मात्र शहरात जावं लागे. मुदत उलटली की दंड, म्हणून लोक जन्मतारीख पुढे ढकलून सांगत. अशा वेळी चर्चची तारीख खऱ्याच्या जवळची समजावी आणि अर्जात मात्र सरकारी नोंदीतलीच द्यावी.

आजीच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद फॉरेन बर्थ्सच्या अर्जाला लागत नाही, पण मागच्या पिढीचा दरवाजा तीच उघडते. १९११ मध्ये बारा वर्षं, म्हणजे १८९९ च्या सुमारास. लग्न नवरीच्या पॅरिशमध्ये व्हायचं, तेव्हा शोध तिच्या माहेरच्या जिल्ह्यात घ्यावा. महिनाही अंदाजाने सांगता येतो. आपल्याकडे चातुर्मासात लग्नं थांबतात तशी कॅथलिक आयर्लंडमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळात, लेंटमध्ये, थांबायची आणि लेंट लागण्याआधीच्या दिवसांत गर्दी उसळायची. १८९९ ला लेंट १५ फेब्रुवारीला लागला, यांचं लग्न १३ फेब्रुवारीला. लग्ननोंदीत वयापुढे बहुतेक वेळा ‘पूर्ण’ एवढंच असतं, म्हणजे एकवीस किंवा जास्त. दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात, आयांची नावं नसतात. साक्षीदार दोन, आणि ते सहसा भावंडं असतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आजीच्या जन्मदाखल्याची मागणी केली. ऑनलाइनचं पान छापून अर्जाला जोडता येत नाही, प्रमाणित दाखला लागतो. तो २० युरो आणि वर टपालखर्च. मागणीत जिल्हा, साल, खंड आणि पानाचा क्रमांक दिला की शोधायला वेळ लागत नाही.  आमचा दाखला दोनेक आठवड्यांत आला.

मग फॉरेन बर्थ्सचा अर्ज. आधी ऑनलाइन भरायचा, फी तिथेच भरायची, मोठ्या माणसासाठी २७८ युरो, अठरा वर्षांखालच्यासाठी १५३. मग छापून साक्षीदारासमोर सही करून मूळ कागदांसह टपालाने पाठवायचा. आमच्या पाकिटात होतं ते असं: आजीचा आयरिश जन्मदाखला, लग्नदाखला, मृत्यूदाखला. सासूबाईंचा जन्मदाखला, लग्नदाखला आणि पासपोर्टची साक्षांकित प्रत. नवऱ्याचा जन्मदाखला, पासपोर्टची साक्षांकित प्रत, पत्त्याचे दोन पुरावे आणि चार फोटो, त्यातल्या दोन फोटोंच्या मागे साक्षीदाराची सही आणि तारीख. साक्षीदार त्यांच्या यादीतल्या व्यवसायाचाच हवा, डॉक्टर, वकील, शिक्षक वगैरे, आणि तो अर्जदाराला ओळखणारा पण नात्यातला नको. इंग्लंडमध्ये जन्मदाखल्याचा एक छोटा नमुना असतो, त्यावर आईवडिलांची नावं नसतात. तो चालत नाही, पूर्ण नमुन्याचाच मागवावा. नावांतल्या आणि तारखांतल्या फरकाबद्दल एक पानाचं पत्र जोडलं: डिलिया म्हणजे ब्रिजेट, घरची तारीख वेगळी का, आणि पुरावा म्हणून समासातल्या टिपेसह बाप्तिस्म्याचा दाखला. त्यावर काही विचारणा झाली नाही. सरकारी जन्मनोंद मुळीच सापडत नसेल तर शोध घेऊनही नोंद मिळाली नाही असं आयर्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसचं पत्र घेऊन बाप्तिस्म्याच्या दाखल्यासह द्यावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकीट गेलं, नोंद होणाऱ्या टपालानेच पाठवावं. त्यानंतर साधारण नऊ महिने काही करायचं नसतं.

त्या काळात आम्ही मागच्या पिढ्यांकडे वळलो. १८६४ च्या आधीच्या काळात सरकारी जन्मनोंद नाही, म्हणजे पॅरिशच्या वह्या. नॅशनल लायब्ररीच्या स्कॅनना त्यांची स्वतःची नावांची सूची नाही, महिना-साल पकडून पानं उलटावी लागतात. दोन मोठ्या व्यावसायिक वंशावळ संकेतस्थळांनी सूची केली आहे, पण शाई उडालेल्या ओळी तिच्यात चुकीच्या वाचल्या गेल्या आहेत, म्हणून मूळ पान पाहावंच. नावं पुष्कळदा लॅटिनमध्ये: जाकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, होनोरिया म्हणजे नोरा. लग्नाच्या ओळीत ‘तृतीय अंशातली रक्तबंधुता’ अशा अर्थाची लॅटिन टीप आली तर थांबून नीट वाचावी. त्याचा अर्थ नवऱ्याच्या आजी-आजोबांपैकी एक आणि नवरीच्या आजी-आजोबांपैकी एक ही भावंडं होती आणि त्यासाठी खास परवानगी घेतली होती. एका ओळीत दोन घराण्यांचा दुवा मिळतो. पश्चिम आयर्लंडमधल्या वह्या पूर्वेच्या मानाने उशिरा सुरू होतात, हे मनाशी धरून बसावं.

पॅरिशच्या वहीत माणसं मिळतात, जमीन मिळते ग्रिफिथच्या मूल्यांकनात. १८४७ ते १८६४ दरम्यान अख्ख्या देशातल्या प्रत्येक कुळाची आणि त्याच्या घरजमिनीची ही यादी झाली. आस्कअबाउटआयर्लंड डॉट आयई वर ती नकाशासह मोफत आहे. कूळ, जमीनमालक, क्षेत्र, वार्षिक मूल्य. एका टाउनलँडात एकाच नावाची दोन कुळं असतील तर पुढे कंसात बापाचं नाव, धंदा किंवा केसांचा रंग लिहिलेला असतो: पॅट (मायकल), पॅट (जेम्स), पॅट (लाल). आमच्या टाउनलँडात नेमकं हेच होतं आणि कंसातल्या ‘मायकल’ने वंशात आणखी एक पिढी जोडली. या यादीनंतर मूल्यांकन खात्याने वर्षानुवर्षं ठेवलेल्या दुरुस्तीच्या वह्याही आहेत. कूळ बदललं की जुनं नाव खोडून नवं लिहायचं आणि दरवेळी वेगळ्या रंगाची शाई वापरायची. शाईच्या रंगावरून साल ओळखता येतं आणि बापाकडून मुलाकडे जमीन कधी गेली ते कळतं. त्याहून मागे जायचं तर १८२३ ते १८३७ च्या दशमांश कराच्या वह्या आहेत, त्यात शेती करणाऱ्यांचीच नावं. मेयोतल्या साध्या कॅथलिक कुळासाठी शोध बहुधा तिथेच संपतो.

डब्लिनला जाणं होणार असेल तर वेर्बर्ग स्ट्रीटवर जनरल रजिस्टर ऑफिसची शोधखोली आहे आणि किल्डेअर स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीत वंशावळीचं मोफत मार्गदर्शन मिळतं. जाताना टाउनलँड, पॅरिश, युनियन आणि ठाऊक असलेल्या तारखा एका कागदावर लिहून न्याव्यात. ‘आमचे पूर्वज मेयोचे’ एवढ्यावर तिथला जाणकारसुद्धा काही करू शकत नाही.

प्रमाणपत्र आलं तेव्हा सोबत सगळे मूळ कागदही परत आले. त्यावरची नोंदणीची तारीख फार महत्त्वाची आहे, कारण नागरिकत्व त्या दिवसापासून मोजलं जातं, जन्मापासून नाही. या मार्गाने नागरिक झालेल्याच्या मुलांना पुढे हक्क मिळतो तो मूल जन्मण्याआधी आईची किंवा बापाची नोंद झालेली असेल तरच. घरात नवं मूल यायचं असेल आणि आजी किंवा आजोबा आयर्लंडचे असतील, तर वर्षभराची वाट धरून अर्ज आधी पाठवा. नोंद लवकरात लवकर करावी अशी विनंती कारणासह आणि डॉक्टरांच्या पत्रासह अर्जाला जोडता येते.